पावसाळ्यात शोभिवंत माशांच्या खाद्याचा कस राखा

गोल्डफिश, गप्पी, मोली वाढवणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये आधी खाद्याचा डबा तपासावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर हवा इतकी दमट असते की उघड्या पिशवीतले दाणे थोड्याच दिवसांत मऊ पडतात, त्यातलं तेल खवट होतं. बुरशी धरलेलं खाद्य, विशेषतः शेंगदाणा पेंड घालून घरी केलेलं, सरळ फेकून द्या. उन्हात वाळवून त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष जात नाही, आणि ते माशाचं यकृत खराब करतं. महिन्याभरात संपेल एवढंच खाद्य आणा.

साठवणीत सर्वांत आधी घटतं ते क जीवनसत्त्व. बहुतेक मासे ते स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाहीत. ते कमी पडलं की पिल्लांचा कणा वाकतो, जखमा लवकर भरत नाहीत. वाकडी पिल्लं निघाली की वाणाला दोष दिला जातो. तो कधी खराही असतो, पण त्याआधी खाद्य किती जुनं आहे ते बघा.

उपाय स्वस्त आहे. क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा पाव भाग कुटून चार चमचे पाण्यात विरघळवा आणि पाव किलो दाण्यांवर शिंपडा. चघळायच्या गोड गोळ्या वापरू नका. दाणे सावलीत, पंख्याखाली सुकवा, मग अडीच मिली कॉड लिव्हर तेल चोळा. तेलाच्या थरामुळे जीवनसत्त्व पाण्यात कमी विरघळतं. तेल मात्र वाढवू नका, कारण अ आणि ड जीवनसत्त्वं शरीरात साठत जाऊन अपाय करतात. हे खाद्य फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा.

पिल्लांसाठी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव, उत्तमच, पण वेळ पाळावी लागते. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ, सतत हवा आणि उजेड, तापमान २८ अंशांच्या आसपास असेल तर साधारण २४ तासांत अंडी फुटतात. ढगाळ थंडाव्यात जास्त वेळ लागतो. बाहेर पडलेला जीव सुरुवातीला काही खात नाही, स्वतःच्या अंगातल्या पिवळ्या बलकावर जगतो. म्हणून जितका उशीर, तितका त्याचा कस कमी. फुटल्यावर लगेच गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्या. क्लाउनफिशसारखे समुद्री मासे वाढवत असाल तर एवढ्यानं भागत नाही. आर्टेमियात डीएचए हे मेदाम्ल जवळजवळ नसतं, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी खायला लागला की माशाच्या तेलाच्या इमल्शनमध्ये (पाण्यात घुसळून मिसळलेल्या तेलात) १२ तास ठेवूनच पिल्लांना घाला. गप्पी-मोलीला हा खटाटोप लागत नाही.

मोइना हा गोड्या पाण्यातला बारीक जीव खाद्य म्हणून वाढवत असाल तर तो काढण्याआधी काही तास त्याला स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड द्या. त्याचं पोट भरलेलं असेल तर ते सत्त्व माशापर्यंत पोचतं. लाल-केशरी रंगद्रव्यं मासे स्वतः बनवत नाहीत, ती खाद्यातूनच यावी लागतात. गोल्डफिशचा रंग फिका पडत असेल तर स्पिरुलिना त्याच्या दाण्यातही असू द्या.

गटारातला ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल जंत, या दिवसांत टाळाच. पाणी गार पडलेल्या दिवशी मासे कमी खातात, तेव्हा खाद्य निम्मं करा आणि पाच मिनिटांत उरलेलं जाळीनं काढून टाका.