डॉरमाउसचा परवाना: नवोदितांसाठी काही अनुभव

इंग्लंडमध्ये हेझल डॉरमाउस या उंदरासारख्या दिसणाऱ्या, सोनेरी केसांच्या लहान निशाचर प्राण्याला १९८१ च्या वन्यजीव कायद्याने आणि २०१७ च्या अधिवासविषयक नियमांनी संरक्षण दिलेले आहे. त्यामुळे त्याला हातात घेणे तर दूरच, त्याच्यासाठी झाडांवर लावलेल्या आणि तो राहत असल्याचे ठाऊक असलेल्या पेट्या तपासण्यासाठीही नॅचरल इंग्लंड या शासकीय संस्थेचा परवाना लागतो. मी येथे शिकण्यासाठी आलो तेव्हा पदव्युत्तर पदवी पुरेशी असेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात अर्जात मुख्यतः विचारले जाते ते हे, की हे काम तुम्ही कोणत्या परवानाधारकाच्या देखरेखीखाली केले आणि तो तुमच्याविषयी ग्वाही देईल का.

म्हणून अभ्यासक्रम शोधण्याआधी माणूस शोधावा. पीपल्स ट्रस्ट फॉर एन्डेंजर्ड स्पीशीज ही संस्था देशभर डॉरमाउसच्या नोंदींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवते आणि त्यातील पेट्यांची तपासणी बहुतांशी स्वयंसेवक करतात. अशा एखाद्या गटाला मदतनीस म्हणून नियमित जाणे हाच खरा प्रवेशमार्ग आहे. एका दिवसाच्या सशुल्क वर्गातून माहिती चांगली मिळते, परंतु हात बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हात बसणे म्हणजे काय, ते पेटीपाशी कळते. पेटीचे भोक झाडाच्या खोडाकडे असते. ते आधी फडक्याने बंद करायचे, मग पेटी उतरवून मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची आणि झाकण पिशवीच्या आतच उघडायचे. हनीसकल या वेलीच्या सालीचे घट्ट विणलेले घरटे दिसले तर आत डॉरमाउस असण्याची शक्यता मोठी. सुट्या पाचोळ्याचा ढीग बहुधा रानउंदराचा आणि शेवाळाची गादी टिटपक्ष्याची. प्राण्याला शेपटीने कधीही उचलू नये, कारण शेपटीची त्वचा सोलून निघते. वजन, लिंग आणि तो जागा आहे की गारठून निपचित पडला आहे, एवढे टिपून त्याला लगेच परत ठेवावे. डोळे न उघडलेली पिल्ले असतील तर पेटी तत्काळ बंद करावी.

तपासणीचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर असतो आणि रिकाम्या पेट्यांचे दिवस बरेच निघतात, त्यामुळे शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या जंगलांत नाव नोंदवावे. शरद ऋतूत जमिनीवरची कुरतडलेली हेझल या झुडपाची कठीण कवचाची फळे तपासण्यास परवाना लागत नाही: भोकाची आतली कड गुळगुळीत आणि बाहेर दातांच्या तिरक्या खुणा असतील, तर ते डॉरमाउसचे काम.

नोकरीच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. सर्वेक्षणाचा परवाना व्यक्तीला मिळतो. बांधकामासाठी डॉरमाउस राहत असलेली झुडुपे तोडायची असल्यास त्या प्रकल्पापुरता वेगळा परवाना काढावा लागतो, आणि पर्यावरण सल्लागार कंपन्यांना ही दोन्ही कामे जाणणारी माणसे हवी असतात.