नवा ट्रॅक्टर सारखा बंद पडतोय: ठेवायचा की बदलायचा, कसं ठरवावं

तीन-चार वर्षांचाच ट्रॅक्टर, आणि ऐन पेरणीत, जमिनीला वापसा असताना बंद पडतो. मग आजूबाजूचे सांगतात, "विकून टाका, पनवती आहे." घरातले म्हणतात, "एवढा खर्च केलाय, आता कसा सोडायचा?" मी एक ट्रॅक्टर पहिलं ऐकून दिला आणि एक दुसरं ऐकून ठेवला. दोन्ही वेळा फसलो.

ट्रॅक्टर शेतात उभा आहे आणि डोकं तापलंय, अशा वेळी काहीही ठरवू नका. हंगाम भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढा आणि त्याची बिलं जपून ठेवा, पुढे हिशेबाला लागतील.

एक वही करा. प्रत्येक वेळी बंद पडल्यावर तारीख, मीटरवरचे तास, मागे कोणतं अवजार होतं, इंजिन गार होतं की तापलेलं, पॅनेलवर बिघाडाचा कोणता कोड आला आणि पुन्हा कसा सुरू झाला, एवढं लिहा. चावी बंद करण्याआधी कोडचा फोटो काढा. शेवटचा रकाना कधीच रिकामा सोडू नका. "दहा मिनिटं थांबल्यावर आपोआप सुरू झाला" आणि "डिझेल फिल्टर बदलल्यावर सुरू झाला" हे दोन वेगळे आजार आहेत.

आता अवघड भाग. ट्रॅक्टरला एकच आजार आहे आणि तो दहा ठिकाणी दिसतोय, की खरोखरच दहा आजार आहेत? सगळा निर्णय यावर आहे आणि मी इथेच चुकलो. माझ्या पहिल्या ट्रॅक्टरला एक दिवस हायड्रॉलिकचा कोड यायचा, दुसऱ्या दिवशी इंजिनची ताकद जायची, तिसऱ्या दिवशी पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, सुटायचा. ज्याचा कोड येईल तो सेन्सर मेकॅनिक बदलत गेला. गाडीच मुळात सदोष आहे असं धरून मी मिळेल त्या किमतीला एक्सचेंजमध्ये देऊन टाकली. पुढच्या मालकाला दोष सापडला तेव्हा त्याने मला बोलावून दाखवला. केबिनच्या फरशीखाली वायरिंगचा जुडगा एका लोखंडी पट्टीला घासत होता. एका वायरचं वरचं प्लास्टिक नखाएवढं सोलून आतलं तांबं चमकत होतं. बाकी ट्रॅक्टर ठणठणीत होता.

हे का होतं ते समजून घ्या. बऱ्याच सेन्सरना कंप्युटरकडून ५ व्होल्टचा पुरवठा होतो आणि तो अनेकदा सामायिक असतो. त्यातली एक वायर बॉडीला टेकली की त्या लाइनवरचे सगळेच सेन्सर खोटं सांगू लागतात आणि चांगल्या पार्टच्या नावाने कोड येतात. म्हणून वायरिंग तपासल्याशिवाय नुसता कोड वाचून पार्ट बदलणाऱ्याला ट्रॅक्टरला हात लावू देऊ नका. याबाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

तपासणी स्वतः करता येते, साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. क्लॅम्पवर नको, खांबावरच. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची केबल ढिली आहे किंवा गंजली आहे. त्यानंतर वायरिंगचा मार्ग धरून पुढून मागे जा. एक्झॉस्टजवळ, केबिनखाली, बॉनेटच्या बिजागरीपाशी नीट बघा. कपलर, म्हणजे वायरींचे जोड, उघडून पिनांवर हिरवा गंज आहे का पाहा. मग इंजिन सुरू करून, पंखा, पट्टा आणि तापलेल्या भागांपासून लांब राहून, जुडगा वितीवितीवर हलवा. खड्ड्यातून जाताना पीटीओ किंवा इंजिन बंद होत असेल तर सीटखालचा स्विच आधी बघा, माणूस सीटवर आहे की नाही हे तो कंप्युटरला सांगतो. हे सगळं गार आणि तापलेल्या, दोन्ही अवस्थांत करा, नाहीतर दोष हुलकावणी देतो.

नव्या ट्रॅक्टरला धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असेल तर आणखी एक गोष्ट. तो काजळी जाळून साफ होताना आतलं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. ट्रॅक्टर दिवसभर नुसता सुरू ठेवला किंवा हलकीच कामं केली, आणि साफसफाई चालू असताना मध्येच बंद केला, की फिल्टरचा दिवा परत परत लागतो. धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण लागणारं मॉडेल असेल तर त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणीच असतं. मळक्या नरसाळ्यातून ओतलं किंवा डबा उघडा ठेवला की द्रावण बिघडतं आणि कंप्युटर इंजिनची ताकद कमी करतो. तुमची वही हेच सांगत असेल तर ट्रॅक्टर बदलून उपयोग नाही. त्याच पद्धतीचा नवा घेतलात तर त्यालाही हेच होईल.

वहीतल्या नोंदी एकाच परिस्थितीत येत असतील, म्हणजे नेहमी तापल्यावर, नेहमी पावसानंतर, नेहमी एकाच अवजाराला, तर ट्रॅक्टर ठेवा आणि मूळ शोधा. पण गिअरबॉक्सच्या तेलात धातूचे कण येत असतील, किंवा डिझेल फिल्टरमध्ये चकाकणारी धातूची पूड दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. उच्च दाबाचा पंप आतून झिजू लागला की ती पूड पुढे जाऊन इंजेक्टर खाते. माझ्या दुसऱ्या ट्रॅक्टरला, "एवढा खर्च केलाय" म्हणून, मी इंजेक्टर दोनदा बदलले. पंप, रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी दाबाची नळी), पाइप आणि टाकी तशीच राहिली आणि दोन्ही संच गेले. असा बिघाड वॉरंटीबाहेर असेल तर पूर्ण कामाचं लेखी कोटेशन घ्या, आणि ते जड वाटलं तर ट्रॅक्टर सोडा.

हिशेब छोटा आहे. आजवरचा खर्च खोडून टाका, तो परत येणार नाही. एका बाजूला पुढच्या वर्षाची दुरुस्ती आणि भाड्याचे दिवस लिहा. दुसऱ्या बाजूला एक्सचेंजचा फरक, व्याज, आणि नव्या गाडीची पहिल्या वर्षातली घसरण, जी सगळ्यात मोठी असते.

वॉरंटी वर्षांवर किंवा तासांवर, जे आधी संपेल त्यावर जाते. त्याआधी प्रत्येक तक्रार सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर लिहून घ्या. दोष सापडला नाही तर "आढळला नाही" असंही लिहून घ्या.

बदलायचं ठरलं तर नव्याची रोख किंमत आणि जुन्याची किंमत वेगवेगळी विचारा, नाहीतर एकीकडे वाढवून दुसरीकडे कापतात. घेणाऱ्याला दोष सांगा आणि वही त्याच्या हाती द्या. तो पुढे हंगामाच्या तोंडावर त्याच ट्रॅक्टरवर बसणार आहे. आणि नवा ताब्यात घ्याल त्याच दिवशी केबिनखाली वाकून वायरिंग कुठे घासतंय ते बघा, आणि घासतंय तिथे जाड रबरी नळी चढवून घ्या.