या चुका टाळा: खानदेशात ग्लायडर शेतात उतरवायची वेळ आली तर

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनचं विमान, आणि ते शेतात उतरवताना बहुतेक फजिती उशिरामुळे होते. थर्मल (ग्लायडरला वर नेणारा गरम हवेचा झोत) संपली, धावपट्टी आवाक्यात नाही, तरी "अजून एक मिळेल" म्हणत माणूस घासत जातो. हिशेब सोपा ठेवा: 2000 फुटांवर उतरायचा परिसर ठरवा, 1500 वर दोन-तीन शेतं हेरा, 1000 वर एकच शेत पक्कं आणि सर्किट (उतरण्याआधी शेताभोवतीची ठरलेली फेरी) सुरू. हे फूट खालच्या जमिनीपासूनचे. धुळ्याहून साक्रीकडे जमीन चढत जाते. धुळ्यात शून्य केलेला उंचीमापकाचा काटा तिथे 1000 दाखवतो, पण खाली तेवढं अंतर नसतं. त्यानंतर 600 फुटांवर थर्मल लागली तरी गिरक्या घेऊ नका. तिथे स्पिन (गरगरत खाली कोसळणं) झाला तर सावरायला जागा नाही.

दुसरी चूक रंगाला भुलण्याची, आणि ती शेतकऱ्याच्या घरातली पोरंही करतात. रावेर-यावलकडची केळी वरून गालिच्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती माणसापेक्षा उंच. पंख अडकला की ग्लायडर गर्रकन फिरतं. कपाशी त्याहून फसवी. फरदड ठेवलेली किंवा वेचणी होऊन उभी राहिलेली पऱ्हाटी वरून नुसती तपकिरी माती वाटते, आणि ती लाकडासारखी टणक असते. मार्च-एप्रिलमध्ये गहू किंवा हरभरा निघालेलं रान शोधा. खोल नांगरटीत मोठी ढेकळं असतात. दुसरं काही नसेल तर नांगराच्या तासांच्या दिशेनेच उतरा, आडवं कधीच नाही. काळ्या मातीच्या भेगा वरून दिसत नाहीत, म्हणून वखर किंवा रोटाव्हेटर फिरलेलं शेत मला जास्त भावतं.

लांबी मोजताना दोन शेतं एकत्र धरू नका, मध्ये बांध असतो. चौरस एकराची बाजू जेमतेम 64 मीटर. त्यात वाटेवर 15 मीटरचं निंबाचं झाड असेल तर त्याच्यावरून येताना साधारण 150 मीटर जमीन वाया जाते. उतार असेल तर चढाकडे तोंड करून उतरा, मागून थोडा वारा असला तरी.

तारा शोधू नका, त्या दिसतच नाहीत. खांब शोधा. विहीर दिसली की तिच्या मोटारीपर्यंत वीज कुठून येते ते बघा. वाऱ्यासाठी मात्र साक्रीकडे आयती सोय आहे: ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या चालू असतील तर पाती ज्या बाजूला तोंड करून असतात, वारा तिकडून येतो.

गिरणेचं कोरडं पात्र फार मोह घालतं. वाळू उपशाचे खड्डे आठवा. तापीकाठच्या घळी तर विचारातही घेऊ नका.

उतरल्यावर दहा मिनिटांत अख्खं गाव गोळा होतं. "काय व्हयनं भाऊ?" याचं उत्तर शांतपणे द्या, पोरांना पंखापासून लांब ठेवा, पिकाचं नुकसान झालं असेल तर शेतमालकाशी आधी तेच बोला. आणि ट्रेलर येईपर्यंत कॅनोपीवर (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) पांढरं कापड टाका. वैशाखाच्या उन्हात ती भिंगासारखं काम करते आणि आतली गादी जळू शकते.