वाचताना अडणाऱ्या लेकराशेजारी कसं बसावं

जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन वाचनाला मदत करायची असेल, तर आधी मुख्याध्यापकांना भेटा. शाळा व्यवस्थापन समितीच्याही कानावर घाला. पाळता येतील तेवढेच दिवस कबूल करा. आठवड्यातले दोन दिवस पुरतात, पण ते चुकवू नका. लेकरं वाट बघतात. बसायला व्हरांडा मागा, सगळ्यांना दिसेल अशी जागा. लेकराला एकटं घेऊन बंद खोलीत बसू नये.

पहिल्या दिवशी शिकवू नका, नुसतं ऐका. चौथीतली एक मुलगी मला धडा धडाधड वाचून दाखवायची, बोट मात्र दोन ओळी वरच. त्याच धड्यातले चार शब्द पाटीवर लिहिले, तर गप्प झाली. धडा तोंडपाठ होता. म्हणून कधी न पाहिलेला मजकूर द्या. गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीतल्या पायऱ्या इथं कामाला येतात: सोपा परिच्छेद वाचता आला तर गोष्ट द्या, अडला तर सुटे शब्द, तेही अडले तर अक्षरं.

जिथं अडलं तिथून सुरुवात करा, इयत्ता कुठलीही असो. पुष्कळांना अक्षरं येतात. काना, मात्रा, वेलांटी लागली की गाडी अडते. बाराखडीचा तक्ता समोर ठेवून रोज दोन ओळी बोट ठेवून मोठ्यानं म्हणा आणि लगेच त्यातले शब्द करा: मका, माती, मीठ, मूग. जोडाक्षरांची घाई नको.

मग लेकराला बोलतं करा. "काल शेळीला दोन पिलं झाली" असं ते म्हणालं, की तेच पाटीवर लिहून त्याच्याकडून वाचून घ्या. स्वतःचं वाक्य ते सोडत नाही. बंजारा तांड्यावरचं लेकरू आईला 'याडी' म्हणालं तर ती चूक धरू नका. आधी 'याडी' लिहा, शेजारी 'आई'.

अडल्यावर लगेच शब्द सांगू नका. मनात पाच आकडे मोजा. "एवढंही येत नाही?" हे तर कधीच म्हणू नका, त्यानं वाचणं कायमचं तुटतं.

वहीत तारीख, वाचलेलं आणि अडलेलं लिहून ठेवा, गुरुजी-बाईंना दाखवा. बीडकडं ही वही फार लागते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली लेकरं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जाताना त्यांच्यासोबत गोष्टींची दोन-तीन पातळ पुस्तकं द्या. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापून घ्या. परत आल्यावर परीक्षा घेऊ नका. त्यातली कोणती गोष्ट आवडली ते विचारा आणि तीच वाचून दाखवायला सांगा.