चौकात ब्रास बँडचा मोठा कार्यक्रम: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

वरातीत बँड वाजतो, पण ऐकत कोणी नाही. लोक नाचत असतात, फटाके फुटत असतात, मागे अडकलेल्या गाड्या हॉर्न देत असतात. त्या गदारोळात युफोनियमवाला (युफोनियम म्हणजे भरदार, खालच्या सुराचं पितळी वाद्य) किती सुरेल वाजवतोय याकडे कुणाचं लक्ष जाणार? हेच वादक चौकात खुर्च्यांवर बसवले आणि समोर श्रोते बसले, की काय ऐकायला मिळतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. पाच-सहा बँड पथकं, शंभराच्या आसपास वादक आणि गावातला मोठा चौक, असा कार्यक्रम आमची संस्था दर हिवाळ्यात करते. संयोजन माझ्याकडे असतं. या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी तारीख. लग्नसराईत किंवा गणपतीत बँडवाल्यांना विचारूच नका, त्यांचं वर्षाचं पोट त्या सुपाऱ्यांवर चालतं. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, पथकं मोकळी असतात, पावसाची भीती नसते. वेळ संध्याकाळी साडेपाचची धरा. उन्हात पितळ तापतं, सूर चढतो आणि गणवेशातला माणूस अर्ध्या तासात थकतो.

आता मुख्य गोष्ट, पट्टी. वेगवेगळी पथकं एकत्र आली की पहिला गोंधळ इथेच होतो. आपले बहुतेक बँडवाले कानावर वाजवतात, समोर नोटेशन नसतं, आणि प्रत्येक मास्तराची स्वतःची आवडती पट्टी असते. आम्ही एकत्र वाजवायची गाणी काळी पाचमध्ये, म्हणजेच बी फ्लॅटमध्ये, ठेवतो. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम ही वाद्यं मुळात बी फ्लॅटची, त्यामुळे तिथे बोटं आणि ओठ दोन्ही सुखात राहतात. मग एका मास्तराकडून चाल त्या पट्टीत वाजवून घ्यायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि ती सगळ्या पथकांच्या व्हॉट्सॲपवर टाकायची. महिनाभर आधी. कानावर वाजवणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं नोटेशन नाही.

जुन्या वाद्यांकडे मात्र स्वतः लक्ष द्या. ब्रिटनमधले ब्रास बँड 1960च्या दशकापर्यंत आजच्यापेक्षा जवळजवळ पाव स्वराने, म्हणजे शेजारच्या काळी-पांढरीतल्या अंतराच्या निम्म्याने, उंच वाजत. त्या काळची वाद्यं आपल्याकडे अजून काही पथकांत जपून ठेवलेली आहेत. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, पूर्ण बाहेर काढली तरी त्यांचा सूर मेरठच्या नव्या ट्रम्पेटशी जुळेलच असं नाही. असं वाद्य त्या पथकाच्या स्वतंत्र गाण्यात वाजू द्या, तिथे ते शोभतं. एकत्र वाजवायच्या गाण्यांसाठी त्या वादकाला दुसरं वाद्य मिळवून द्या. हे सगळ्यांसमोर सांगायचं नाही, आधी मास्तरांशी एकट्याने बोलायचं. माणसाचा त्या वाद्यावर जीव असतो.

बसण्याची रचना मी सकाळी सहाला चौकात जाऊन ठरवतो. रहदारी नसते तेव्हा मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवायची. समोरच्या इमारतीवरून ती स्पष्ट परत आली तर ट्रम्पेटची तोंडं त्या भिंतीकडे सरळ ठेवायची नाहीत, थोडी तिरकी करायची. वादकांच्या पाठीशी पक्की भिंत हवी. उघड्यावर छत नसतं, त्यामुळे वर तोंड असलेल्या ट्यूबा आणि युफोनियमचा आवाज आकाशात जातो. त्यांना भिंतीलगत, शक्यतो सज्जाखाली बसवलं तर खर्ज श्रोत्यांपर्यंत पोचतो. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन थेट समोर फेकतात, ते मागे असले तरी चालतात, पण त्यांच्यासमोर लगेच कोणाच्या डोक्याची मागची बाजू येऊ देऊ नका.

आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. वादक 40 मीटरवर पसरले, तर एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकाला एक दशांश सेकंदाहून थोडा उशिरा पोचतो. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर हा जवळपास पाव मात्रेचा फरक झाला. प्रत्येकजण शेजारच्या पथकाचं ऐकून वाजवू लागला की लय ओढली जाते, आणि दोष मात्र ढोलवाल्याला मिळतो. म्हणून बास ड्रम मधोमध, मास्तर उंच टेबलावर, आणि नियम एकच: लय कानाने नाही, मास्तरांच्या हाताकडे बघून धरायची. तालीमही छोट्या हॉलमध्ये घेऊ नका. शाळेच्या मैदानावर फक्कीने चौकाएवढी आखणी करा आणि त्याच अंतरावर वाजवून घ्या.

गाणी सोपी निवडा. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये 1974च्या डिसेंबरात ट्यूबावादक हार्वी फिलिप्स यांनी आपले गुरू विल्यम बेल यांच्या स्मरणार्थ तीनशेहून जास्त ट्यूबा-युफोनियम वादक एकत्र आणले. आज ती प्रथा कितीतरी शहरांत चालते: वादक येतात, एक तालीम होते आणि लगेच लोकांसमोर वाजवतात. चार आवाजांत (एकाच वेळी वाजणाऱ्या चार सुरावटींत) बांधलेल्या, सगळ्यांच्या परिचयाच्या चाली असतात म्हणूनच हे जमतं.

परवानग्यांना दोन महिने धरा. महापालिका किंवा नगरपालिकेकडून जागा आणि मांडव, पोलीस ठाण्यातून कार्यक्रम आणि ध्वनिक्षेपक, वाहतूक शाखेकडून रस्ता वळवणं. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाद्यंही चालत नाहीत, फक्त स्पीकर नव्हे. ध्वनिक्षेपक लावला तर सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मानकापेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांतली कमी असेल ती मर्यादा ओलांडू शकत नाही. माझं स्पष्ट मत आहे की माइक फक्त निवेदकाला द्यावा. पितळी वाद्याला माइक लावणं हा वादकाचा अपमान आहे आणि श्रोत्यांच्या कानांवर अत्याचार. फिल्मी गाणी असतील तर आणखी एक काम: लग्नाच्या वरातीतल्या वादनाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण ती व्यावसायिक वादकांच्या जाहीर कार्यक्रमाला लागू होत नाही. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना वेळेत घ्या.

कागदांइतकंच महत्त्वाचं म्हणजे चौकातल्या घरोघरी जाणं. पत्रक टाकून येऊ नका, बेल वाजवा. कुणाकडे आजारी माणूस आहे, कुणाचं तान्हं बाळ आहे, हे तिथेच कळतं. एका आजींनी आम्हाला तालमीची वेळ विचारून घेतली, त्या वेळी त्या लेकीकडे जाणार होत्या. कार्यक्रमाला मात्र त्या गॅलरीत पहिल्यापासून बसून होत्या.

क्रम लावताना ओठांचा विचार करा. ट्रम्पेटवाल्याचे ओठ म्हणजे स्नायूच, ते दमतात. सुरुवातीला एकत्र गाणं, मग एकेका पथकाचं, शेवटी पुन्हा एकत्र, असं ठेवलं की प्रत्येकाला मधे विश्रांती मिळते. पण पौषातल्या संध्याकाळी थांबलेलं वाद्य गार होतं आणि सूर उतरतो. शेवटच्या गाण्याआधी निवेदकाला दोन-तीन मिनिटं बोलत ठेवा आणि तेवढ्यात सगळ्यांना वाद्यात न वाजवता नुसती गरम हवा फुंकायला सांगा. वाद्याच्या नळीत साचलेलं पाणीही तेव्हाच काढून घेतात. त्या गाण्यात धून फार वर नेऊ नका. ज्यांच्यासमोर नोटेशन असेल त्यांना कपड्यांचे चिमटे द्या, वाऱ्याला दुसरा उपाय नाही.

वादकांना कपडे बदलायला बंद खोली, स्वच्छतागृह, पेट्या ठेवायला कुलूप आणि राखायला एक माणूस, हे खर्चात आधी धरा, हार-तुरे नंतर. जेवण कार्यक्रमाआधी हलकं, नंतर पोटभर. बरेच वादक आसपासच्या खेड्यांतून येतात, दिवसा शेतात किंवा दुकानात काम करतात, त्यांना शेवटची एसटी गाठायची असते. भाषणं उरकायला उशीर झाला तर ती कापा, वादकांचा वेळ कापू नका. पैसे पथकमालकाबरोबर आधी ठरवा, इसार द्या, आणि उरलेली रक्कम त्याच रात्री चौकातच हातात द्या. पुढच्या पौषाचा शब्दही तेव्हाच घ्या, कारण तुळशीचं लग्न झालं की मास्तर फोन उचलत नाहीत.