मारवाडचे किल्ले बघायचे तर आधी पाणी शोधा

पाटबंधारे खात्यात माझी ३२ वर्षं गेली. कालवा, चारी, उपसा, गळती याच्याबाहेर डोकं कधी चाललं नाही. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा जोधपूरला गेलो, तेव्हा गाइड शीशमहाल दाखवत होता आणि मी विचारत होतो, "इतक्या वर पाणी कसं चढवायचे?" ही शेजारून कोपरखळी मारत होती. "अहो, जरा आरसे बघा की!" पण त्या एका प्रश्नाने मला किल्ला जेवढा कळला तेवढा आरशांनी कळला नसता. आता तीन खेपा झाल्या. पुतण्या यंदा सहकुटुंब निघालाय, त्याच्यासाठी म्हणून लिहायला बसलो.

फेरा असा करा: जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, नागौर आणि परत जोधपूर. जोधपूर ते जैसलमेर साधारण २८० किलोमीटर, जैसलमेर ते बिकानेर ३३० च्या आसपास. बिकानेरहून जोधपूरला परतताना नागौर वाटेतच लागतं. आठ दिवस हाताशी ठेवा. सहा दिवसांत उरकायचं ठरवलंत तर किल्ल्यांपेक्षा गाडीच जास्त बघाल. मुंबईकरांना वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस थेट जोधपूरला सोडते, पण हिवाळ्यातलं बुकिंग उघडल्या उघडल्या करा.

जायचं नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळातच. आम्ही पहिली खेप मे महिन्यात केली, का तर नातवाला शाळेची सुट्टी. अकरा वाजता जोधपूरच्या किल्ल्याच्या, म्हणजे मेहरानगडच्या, चढणीवरचा दगड चपलेतून भाजत होता. पोरगं पुढचे दोन दिवस हॉटेलात इलेक्ट्रॉल पीत पडलं होतं आणि मी हिची बोलणी खात होतो. उलट जानेवारीत गेलात तर कानटोपी आणि जाड स्वेटर बरोबर ठेवा, वाळवंटातली रात्र चांगलीच गारठवते. बूट रबरी तळाचे हवेत. शतकानुशतकं पावलं पडून इथले फरसबंद चढ काचेसारखे गुळगुळीत झालेत.

मेहरानगड सकाळी नऊला उघडतो. साडेआठलाच खाली हजर राहा, कारण दहानंतर सहलींच्या बसगाड्या येतात. आपल्याकडच्या बहुतेक गडांवर चौथरे उरलेत, वाडा मनानेच उभा करावा लागतो. इथं वाडा झुंबरापडद्यांसकट उभा आहे, आणि म्हणूनच माणूस मोतीमहाल, फूलमहाल करत दालनांतच अडकतो. पालख्या आणि हत्तीचे हौदे जरूर बघा, ऑडिओ गाइड हिंदीतही मिळतो. पण त्याआधी दरवाजांना वेळ द्या.

गुडघे दुखत असतील तर वर जायला लिफ्ट आहे, तिचं तिकीट वेगळं. हिला मी लिफ्टनेच पाठवतो. मात्र उतरताना सगळ्यांनी पायी या, कारण या किल्ल्याची लढाई त्याच्या पोळींत आहे. पोळ म्हणजे दरवाजा. जयपोळ जोधपूरच्या महाराजा मानसिंहांची, जयपूर आणि बिकानेरच्या फौजा परतवल्यानंतरची. फतेहपोळ त्यांच्या आधीच्या महाराजा अजितसिंहांची, मोगलांकडून जोधपूर परत घेतल्याची. डेढ कांगरा पोळीपाशी थांबून भिंतीकडे नीट बघा: १८०८ च्या हल्ल्यातल्या तोफगोळ्यांचे खड्डे अजून तसेच आहेत. मी एकात मूठ घालून पाहिली, सहज बसली. शेवटच्या लोहापोळीजवळ सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, शेंदूर माखलेले. लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मला ते जमलं नाही. दरवाजा आला की वाट काटकोनात का वळते तेही बघा. हत्तीला धडक मारायला धाव मिळू नये म्हणून. रायगडाचा महादरवाजा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता पाणी. राव जोधांनी १४५९ मध्ये इथं किल्ला घातला तेव्हा या टेकडीवर चिडियानाथ नावाचे एक साधू झऱ्याकाठी राहत होते. त्यांना उठवलं, आणि "तुझ्या गडाला पाण्याचा तोटा पडेल" असा शाप ते देऊन गेले, अशी कथा आहे. शाप खरा की खोटा ते सोडा, पुढच्या प्रत्येक राजाने मात्र तो खरा मानल्यासारखं काम केलं. तटावरून खाली बघितलंत की राणीसर आणि पदमसर ही दोन तळी दिसतात. राणीसरचं पाणी रहाटांनी टप्प्याटप्प्याने गडावर चढवायचे. उपसा सिंचन योजनाच ती, फक्त मोटारीच्या जागी माणसं आणि बैल!

ही तळी भरायची कशी, ते बघायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये जा. ज्वालामुखीचा रायोलाइट खडक, त्यात हातांनी खोदून काढलेली हाथी नहर. आजूबाजूच्या उघड्या खडकावर पडलेला पाऊस या चरातून तळ्यांकडे यायचा. चराच्या कडेला छिन्नीचे घाव दिसतात. आमच्याकडे जेसीबी असून दोन किलोमीटरच्या चारीला तीन वर्षं लागलेली मी पाहिलीत, त्यामुळे मी तिथं बराच वेळ उभा होतो. बरोबरची मंडळी कंटाळून कॅन्टीनला गेली.

गावात उतरलात की तूरजी का झालरा बघा. झालरा म्हणजे आपली बारव. १७४० च्या दशकात महाराजा अभयसिंहांच्या राणीने बांधवलेली, मध्यंतरी कित्येक वर्षं कचऱ्यागाळात बुजलेली, अलीकडे उपसून काढलेली. पायऱ्या तिन्ही बाजूंनी उलट्यासुलट्या उतरतात. संध्याकाळी पोरं वरून पाण्यात उड्या मारतात. जवळच मिर्ची वडा मिळतो, तो तिखट असतो हे सातारकरांनीही लक्षात ठेवावं. उमेदभवन पॅलेसला एक तास पुरे, कारण बराचसा भाग हॉटेल आणि राजघराण्याच्या राहण्याचा आहे, आपल्याला फक्त म्युझियम. पण तो महाल १९२९ ते १९४३ अशी चौदा-पंधरा वर्षं बांधला जात होता तो दुष्काळी काम म्हणून, लोकांच्या हाताला मजुरी मिळावी म्हणून. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

जैसलमेरचा किल्ला ११५६ चा, रावळ जैसलचा. पिवळ्या दगडाचे ९९ बुरूज. आत लोक राहतात, त्यामुळे किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, तिकीट आहे ते राजवाड्याच्या म्युझियमला. जैन मंदिरं सकाळीच करा आणि चामड्याचा पट्टा, पाकीट हॉटेलातच ठेवा, नाहीतर दारातच अडवतील. गाइड घेतलात तर ओळखपत्र बघा, पैसे आणि तास आधी ठरवा आणि "दुकानात नेऊ नका" हेही आधीच बजावा. आमचा एकजण अर्ध्या तासात किल्ला उरकून दीड तास चादरींच्या दुकानात बसवून होता.

आणि एक विनंती. किल्ल्यात मुक्काम करू नका, खाली गावात करा. दुसऱ्या खेपेला आम्ही हौसेने किल्ल्यातल्याच एका गेस्ट हाउसमध्ये राहिलो. खिडकीतून सूर्योदय झकास, पण न्हाणीघराचा नळ रात्रभर ठिबकत होता आणि पलंगामागच्या भिंतीला छातीएवढ्या उंचीपर्यंत ओल. पापुद्रा नखाने काढला तर मागून दगडाची भुकटी सांडली. मला झोप लागेना. हा किल्ला बांधला तो वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या मुलखात. पडेल तेवढं पाणी झटकन बाहेर काढायला गल्ल्यांतून 'घुटनाली' होत्या. घागरीने पाणी वापरणाऱ्या लोकांचा तो हिशेब. मग नळ आले, संडास आले, हॉटेलं आली, आणि ते सगळं पाणी टेकडीच्या पोटातल्या मऊ, चिकणमातीच्या थरांत मुरायला लागलं. बुरूज ढासळले, माणसंही गेली. शत्रूंना पुरून उरलेल्या तटाला आंघोळीचं पाणी भारी पडलं. तेव्हा किल्ल्यात चहा प्या, खरेदी करा, आंघोळ मात्र खाली येऊन करा.

गडीसर तलाव पहाटे, पटव्यांच्या हवेल्या दुपारी. सम गावच्या वाळूवर उंट आणि डीजे दोन्ही आहेत, आवडत असेल तर जा. त्यापेक्षा त्याच वाटेवर कुलधरा करा. पालीवाल ब्राह्मणांचं हे ओसाड गाव भुतांसाठी प्रसिद्ध केलंय. मला भुतं दिसली नाहीत, खडीन दिसले. खडकाळ माळाच्या उतारावर आडवा, लांबलचक मातीचा बांध घालायचा. पाऊस पडला की वरचं सगळं पाणी बांधाआड साठतं, जमिनीत मुरतं आणि हिवाळा आला की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. कालवा नाही, विहीर नाही. गाडीवाल्याला "खडीन दिखाओ" म्हणा, तो आधी चमकेल, मग कौतुकाने दाखवेल.

बिकानेरचा जुनागड डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. राजा रायसिंहांनी तो १५८९ ते १५९४ या काळात बांधला. अनूपमहालातलं सोन्याचं काम बघून डोळे दिपतात, ते दिपू द्या. पण मला जुनागड आठवतो तो बादलमहालासाठी. लहानशी खोली, भिंतीभर निळेकाळे ढग, त्यांत विजेचे नागमोडी फटकारे आणि खाली रेघारेघांनी पडणारा पाऊस. पाऊस येत नाही म्हणून भिंतीवर काढून ठेवलेला. आमची ही कोकणातली, ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आपल्याकडे कुणी भिंतीवर ऊन काढेल का हो?" पुढच्या दरबारात पहिल्या महायुद्धातलं विमान आहे, मुलांना ते आवडतं. तिथंच बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांचं नाव ऐकाल. छप्पनियाचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा (इ.स. १८९९-१९००), भयंकर दुष्काळ त्यांनी ऐन तारुण्यात पाहिला आणि १९२७ मध्ये सतलजचं पाणी गंगनहरीने आपल्या संस्थानात आणून सोडलं. त्या नहरीचं कालव्याच्या माणसाला जे वाटतं ते इथं लिहीत बसलो तर पुतण्याची गाडी चुकेल.

नागौरचा अहिछत्रगड बहुतेक सहलींच्या यादीत नसतो, म्हणून निवांत बघता येतो. हाही सपाटीवरचा. आत कुंडं, पायविहीर, हमाम, दगडी पन्हळी आणि कारंजी आहेत आणि त्यांची दुरुस्ती इतकी नेटकी केलीय की पाणी कुठून कुठं जात होतं ते बोटाने दाखवता येतं. अर्धा दिवस द्या.

याच किल्ल्याला जयाप्पा शिंद्यांनी वेढा घातला होता, आत मारवाडचे विजयसिंह होते. जुलै १७५५ मध्ये छावणीतच दगा करून जयाप्पांना मारलं. पुढे त्यांचे भाऊ दत्ताजी यांनी वेढा चालवला, तो १७५६ मध्ये तहाने संपला. इतके महिने मराठ्यांसमोर हा सपाटीवरचा किल्ला कसा टिकला, ते आतली कुंडं मोजताना माझ्या ध्यानात आलं. गावाबाहेर ताऊसरला जयाप्पांची छतरी, म्हणजे समाधी, आहे. रिक्षावाले "कौन सी छतरी?" विचारतात, तेव्हा "मराठों वाली" म्हणायचं. बरोबर पाण्याची बाटली घ्या, तिथं प्यायला काही मिळत नाही.