प्रोजेक्टर मिळेल हो, दाराचं बघा

मुलांच्या मानसिक आरोग्याचं आपलं शिक्षकांसाठीचं ट्रेनिंग झूमवरून परत हॉलमध्ये आलंय, नेरुळची बॅच दोन आठवड्यांवर आलीय आणि आपल्या ट्रेनर्सच्या ग्रुपवर सगळ्यांचा प्रश्न एकच, प्रोजेक्टर कोण आणतंय. मिळेल हो प्रोजेक्टर, एचडीएमआयची वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड घरून घ्या, पीपीटी पेनड्राइव्हवर टाका, विषय संपला. मला टेन्शन आहे ते दाराचं.

म्हणजे बघा, झूमवर एखाद्या बाईंना त्रास व्हायला लागला की त्या कॅमेरा बंद करायच्या, मला प्रायव्हेट चॅटवर 'जरा पाच मिनिटं' टाकायच्या, बाकीच्यांना पत्ताही नसायचा. हॉलमध्ये उठायचं म्हणजे वीस जणांच्या नजरा पाठीवर घेऊन. मागच्या महिन्यात नौपाड्यातल्या बॅचला हेच झालं, मुलं स्वतःला इजा करून घेतात तो भाग चालू होता, एक सर भिंतीकडे अडकलेले, बाहेर पडायला चार जणांना उठवावं लागलं असतं म्हणून तसेच बसून राहिले, हातातल्या कागदी कपाची कड सोलून सोलून मांडीवर ढीग केला त्यांनी, आणि मी आपली स्लाइड पुढे ढकलतेय. चूक माझीच. तेव्हा आदल्या दिवशी हॉल बघून या, फोटोवर जाऊ नका. बाक असतील तर बाहेर काढायला लावा (सातवीच्या बाकावर मोठी माणसं दोन दिवस बसूच शकत नाहीत), खुर्च्या गोलात, दाराजवळच्या दोन रिकाम्या, आणि दार कुरकुरत असेल तर तेल घाला, हसू नका. शेजारची एक खोली मागून घ्या, लायब्ररी, स्टाफरूम, काहीही चालेल, तिथे पाणी ठेवा. एकट्याने बॅच घ्यायची नाही, एक शिकवणार, दुसरा नजर ठेवणार.

हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाका, की उठून गेलात तर कोणी विचारणार नाही, जाताना 'मी बरा आहे' म्हणून अंगठा वर केलात तर ठीक, नाहीतर दोन मिनिटांनी आमच्यातलं कोणीतरी मागे येईल. त्याच दमात हेही सांगा की इथलं बोलणं इथेच, पण मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवावंच लागतं. इथे थोडी चुळबुळ होते, होऊ द्या.

मग तोंडाची प्रॅक्टिस. मुलाला सरळ विचारायचं, 'जीव द्यावासा वाटतो का?', विचारल्याने काही ते डोक्यात भरत नाही, हे आपण स्लाइडवरून वाचत आलो. समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणताना माझी मात्र जीभ अडकली, 'म्हणजे तसं काही... नको नको ते विचार...' असलं काहीतरी पुटपुटले. घरी मोठ्याने म्हणून बघा. मी नवऱ्यासमोर म्हटलं, तो दचकला, आधी सांगून ठेवा.

कागदाच्या सुरळीचा खेळ झूमवर सोडूनच दिला होता, तो परत घ्या. एकाने कानाशी सुरळी धरून कुजबुजत राहायचं आणि ते ऐकत ऐकत तुम्ही तिसऱ्याशी गप्पा मारायच्या, भास होणाऱ्या मुलाचं वर्गात लक्ष का लागत नाही ते तीन मिनिटांत कळतं. पण आधी विचारा, कानाशी कोणी आलेलं सगळ्यांना चालत नाही. कुजबुजायची वाक्यं आपणच चिठ्ठीवर द्या, नाहीतर लोक काहीच्या काही बोलतात.

जुनी हँडआउट्स रद्दीत घाला, त्यात टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नाहीये, ते ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. नवीन कार्डावर तो आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ टाका, १४४१६ स्वतः एकदा लावून बघा, म्हणजे पुढे काय होतं ते सांगता येईल.

वेळ दहाची ठेवा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून येणाऱ्यांचा शाप नको. ठाण्याहून येणाऱ्यांनी पनवेल किंवा नेरुळ गाडीच पकडायची, वाशी गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, माझं झालंय.

आणि वॉचमन काकांना सहा नाही, सात वाजेपर्यंत सांगा. झूमवर लीव्ह दाबलं की संपायचं, हॉलमध्ये एखादी बाई उगाच खुर्च्या रचत मागे रेंगाळते, दोनदा रचलेल्या परत रचते. तिच्यासाठी एक चहा जास्तीचा सांगून ठेवा आणि तेव्हा लॅपटॉप आवरायला घेऊ नका.